खिडकीची खाट

लिफ्टमध्ये मी एकटीच होते आणि खुशीत होते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं सोयीस्कर वाटेल. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. पाचव्या मजल्यावर ताईपाशी तासभर बसून मी तळमजल्यावर माझ्या टेबलाकडे निघाले होते. तिसरा मजला जाताना लिफ्टच्या छतातला भोंगा खरखरला आणि बाई बोलली, "कोड ब्ल्यू, पाचवा मजला. कोड ब्ल्यू, पाचवा मजला." म्हणजे कोणाचं तरी हृदय थांबलंय, ज्यांनी धावायचं त्यांनी धावा. एकतीस वर्षं ऐकतेय. शेजारच्या दाराची बेल ऐकावी तशी ऐकते, वाजतेय पण आपल्याकडे नाही. मनात आलं, कोण असेल बिचारं. आणि लगेच दुसरं आलं, त्याची मला अजून लाज वाटते: आपली ताई तरी यातून सुटली, तिचा फॉर्म झालेला आहे. एवढं समाधान वाटलं की लिफ्टच्या आरशात बघून मी केसांची पिन नीट केली.

माझं काम फॉर्म तपासायचं. इस्पितळाच्या नोंद विभागात खिडकीला पाठ करून जी बाई बसते ती मी. मला पाठीमागे लालपेन म्हणतात, तोंडावर बाई म्हणतात. ज्या रुग्णाने ठरवलंय की माझं हृदय थांबलं तर छाती दाबून, घशात नळी घालून मला मागे आणू नका, त्याचा एक फॉर्म असतो. डीएनआरचा फॉर्म, लाल किनारीचा. त्यावर रुग्णाची स्वतःची सही, दोन डॉक्टरांच्या, एक साक्षीदाराची, साक्षीदार नात्यातला नको, तारीख हवी, वेळ हवी. यातलं एक जरी राहिलं तरी मी लाल गोल करून फॉर्म माघारी धाडते. तरुण डॉक्टर चिडतात. एकदा एक जण म्हणाला, "बाई, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही वेळ विचारताय?" मी म्हटलं, "मरायला टेकलाय म्हणूनच विचारतेय. हिंडता-फिरता असता तर उद्या विचारलं असतं." नाकावर माशी बसू द्यायची नाही अशी माझी पद्धत, आणि कामापुरती ती बरोबरच आहे. अर्धवट फॉर्म हा फॉर्म नसल्यापेक्षा वाईट. तो ऐन वेळी कोणाच्याच उपयोगाचा नसतो, आणि रुग्ण बिचारा निश्चिंत झोपलेला असतो.

टेबलावर यादी पडली होती. आदल्या दिवसात कोण कुठल्या वॉर्डातून कुठल्या वॉर्डात गेलं त्याची यादी रोज सकाळी साडेआठला माझ्याकडे येते. मी पहिलं काम ते करते. ज्यांचा डीएनआर होता आणि वॉर्ड बदलला, त्यांचा फॉर्म चौथ्या नियमाप्रमाणे रद्द. मी नव्या वॉर्डला फोन लावते: अमक्या खाटेचा फॉर्म संपला, रुग्णाला नव्याने विचारा, नवा भरा. त्या दिवशी साडेआठला मी टेबलाशी नव्हते. पाचव्या मजल्यावर ताईच्या पायाशी बसून बाहेरची झाडं दाखवत होते. आता चष्मा लावला, लाल पेन उघडलं, आणि पहिल्याच ओळीवर टेकवलं. तिसरा मजला, खाट सतरा, तिथून पाचवा मजला, खाट बावीस. पुढे माझ्या बहिणीचं नाव होतं. मी ते नाव वाचलं आणि सवयीने त्याच्यापुढे लाल खूणसुद्धा केली.

ताईला पाचव्यावर मीच हलवलं होतं. आदल्या संध्याकाळी. तिसऱ्यावर सतरा नंबरला भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, जन्मभर शिवणकाम केलेली ती, म्हणायची, "अगं, ही भिंत कापडाची असती तर आत्तापर्यंत चार पँटी बेतून झाल्या असत्या." मग मी पाचव्याच्या मोठ्या सिस्टरांपाशी शब्द टाकला. एकतीस वर्षांत कोणापाशी काही मागितलं नव्हतं, त्यांनी लगेच खिडकीची खाट दिली. मी स्वतः ताईच्या चपला आणि डबा पिशवीत घालून मागून चालत गेले. लोकांचे वॉर्ड बदलतात ते यादीत. माझ्या बहिणीचा वॉर्ड बदलतोय असं मला वाटलंच नाही, मला वाटलं तिला खिडकी मिळतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी जिन्याने धावले. पाच मजले, अठ्ठावन्नाव्या वर्षी. बावीस नंबरभोवती सात-आठ माणसं होती. एक तरुण डॉक्टर खाटेवर गुडघे टेकून ताईची छाती दाबत होता, आकडे मोजत होता, आणि ताईची मान प्रत्येक दाबाला हलत होती. छाती उघडी होती. जन्मात कोणासमोर गळ्याचं बटण उघडलं नसेल हिने, दुसऱ्यांची मापं घेताना स्वतःच्या गळ्यात टेप असायची तेवढंच. मी ओरडले, "थांबा, तिचा फॉर्म आहे! थांबा!" तो थांबला नाही. मोठ्या सिस्टरांनी मला खांद्याला धरून मागे घेतलं. "बाई, फॉर्म तिसऱ्या मजल्याचा आहे. इथे तो रद्द आहे. तुम्हीच तर..." मग काहीतरी कडकन वाजलं. बरगडी होती. नंतर कळलं, चार मोडल्या. सहा मिनिटांनी डॉक्टर म्हणाला, "आली." सगळ्यांचे चेहरे उजळले, खरंच उजळले, त्यांचं काम त्यांनी उत्तम केलं होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला आनंद झाला होता. तेही सांगून टाकते. तिची इच्छा, फॉर्म, नियम सगळं बाजूला, माझी ताई आहे, एवढाच आनंद. तो साधारण अर्धा मिनिट टिकला.

चौथा नियम माझाच आहे, हे इस्पितळात बहुतेकांना ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी मनगट मोडलेला एक माणूस आला होता. त्याच्या वर्षभर आधी तो फार आजारी होता, तेव्हा त्याने डीएनआर लिहून दिला होता. मग औषध लागू पडलं, बरा झाला, घरी गेला. वर्षाने शिडीवरून पडून मनगट मोडलं म्हणून आला, दुसऱ्या दिवशी हृदय थांबलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरने फाइल उघडली, वरच लाल किनार. सगळे हात बांधून उभे राहिले. कोणी वाईट नव्हतं, कागद तसं म्हणत होता. त्याची बायको कागदपत्रं घ्यायला माझ्या टेबलाशी आली. रडली नाही. म्हणाली, "मागच्या आठवड्यात त्यांनी नवे बूट घेतले हो. मरायचं असलेला माणूस बूट घेईल का?" मग डॉक्टरांची, वकिलांची बैठक बसली. मी टिपणं लिहायला कोपऱ्यात. दोन तास त्यांचं चाललं होतं, फॉर्म किती महिने धरायचा, सहा की बारा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, महिने कशाला मोजता? दाखल झाला की नवा फॉर्म, वॉर्ड बदलला की नवा फॉर्म. नवा डॉक्टर, नवी खाट, तर त्या माणसाला नव्याने विचारा. वकील म्हणाले, लिहा. मीच लिहिला.

ती अक्कल माझी नव्हती, ताईची होती. ताई कपडे उसवून बेतून द्यायची, आमच्या आईनंतर घर तिच्या मशीनवर चाललं. मी शाळेत असताना ती मला दर वेळी टेबलावर उभी करून मापं घ्यायची. मी वैतागायचे, "अगं, मागच्या महिन्यात तर घेतलीस, वहीत लिहिलीयत." ती दातांत टाचण्या धरून बोलायची, "वहीत तू मागच्या महिन्याची आहेस. सरळ उभी राहा." कितीही घाई असो, गिऱ्हाईक कितीही जुनं असो, तिने वहीतल्या मापावर कात्री चालवली नाही. मी बैठकीत बोलले ते तिचंच. आणि त्याच नियमाने तिच्या बरगड्या मोडल्या. यात हसण्यासारखं काहीतरी आहे असं मला दोन दिवस वाटत होतं, पण हसू येत नव्हतं.

तिचा फॉर्म मी टेबलावर घेऊन तपासला नव्हता, नात्यातला म्हणून तो शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने तपासला. पण तिने सही केली तेव्हा मी दाराशी होते. हृदय पार झिजलं होतं, चार पावलं चालली की धाप. डॉक्टरने विचारलं, तुम्हाला नीट कळलंय ना? ताई म्हणाली, "दोरा संपल्यावर मशीन चालवत राहिलं तर शिवण पडत नाही, नुसती भोकं पडतात. मला भोकं नकोत." डॉक्टरने ते जसंच्या तसं फॉर्मवर लिहिलं. कारणाच्या रकान्यात इतकं स्वच्छ कारण मी कधी वाचलं नव्हतं.

अतिदक्षता विभागात तिच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. अशा वेळी कोणाला विचारायचं याचाही नियम आहे: आधी नवरा-बायको, मग मुलं, मग भावंडं. नवरा नाही. मुलगा दुसऱ्या गावाहून दुपारच्या बसने आला, पंप बसवायचं काम करतो, हाताला ग्रीसचा वास तसाच. त्याला आईचा फॉर्म आधीपासूनच आवडला नव्हता, म्हणून महिनाभर आला नव्हता. डॉक्टरने विचारलं, पुन्हा थांबलं तर? तो म्हणाला, "सगळं करा." मग माझा हात धरून म्हणाला, "मावशी, बघ, वाचली ना! कागदाचं ऐकलं असतं तर गेली असती." नियमाने त्याचा शब्द माझ्या वरचा. पस्तीस वर्षांपूर्वी त्याच्या दुपट्याला ताईने किनार लावली होती, ती मी धरली होती. मी म्हटलं, "हो रे." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तीन दिवस मी टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या फॉर्मवर लाल गोल करत होते आणि दर वेळी भोंगा खरखरला की पेन खाली ठेवत होते. दोरा संपलेलं मशीन आता कोणीही चालवू शकत होतं, आणि ते मी चालू करून दिलं होतं. बाकी कशाची भीती नव्हती, फक्त हीच होती, की ती तिला हवं तसं जाऊ शकणार नाही, पुन्हा सात-आठ जण, पुन्हा ते उघडं अंग.

चौथ्या दिवशी नळी काढली. आवाज कापडावर खडू ओढावा तसा येत होता. पहिलं काय बोलली, तर "छातीत काय टोचतंय गं?" भाचा चहाला गेला होता. मी सांगून टाकलं. फॉर्म, वॉर्ड, खिडकी, यादी, लिफ्टमधली पिनसुद्धा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू विसरलीस?"

"हो."

"तू?"

"हो गं ताई. मी."

मला वाटलं हसेल. आमच्यात तसंच असतं, मी चुकले की ती हसते. ती हसली नाही. म्हणाली, "मी तयारी करून बसले होते. मला फार राग आलाय. आत्ता बोलू नकोस माझ्याशी." आणि तोंड फिरवलं. फिरवताना बरगड्या दुखल्या असणार, कण्हली, पण फिरवलंच. दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाली, "त्याला दे, तो पाजेल." भाच्याने पाजलं. लहानपणी तिची चांगली कात्री मी कागद कापायला घेतली होती, तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती. ते आठवलं आणि मी एवढी मोठी बाई बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार ढकललं तर तीच म्हणाली, "ती खिडकीची खाट गेली का कोणाला?"

"नाही. बघते."

"बघ. आणि इथला डॉक्टर फॉर्म घेऊन आला होता. मी सही नाही केली." माझा चेहरा बघून तिने हात हलवला. "अगं, ऐक तर. इथे सही केली आणि वर गेले की पुन्हा रद्द. हो ना? मग दोनदा मापं कशाला? वर गेल्यावरच देते."

भाचा खुर्चीत बसून बूट बघत होता. म्हणाला, "आई, पण वाचलीस ना."

"वाचले म्हणून तू दिसलास. ते फार बरं झालं. तू आला नसतास, मला माहितीय." तिने त्याचा हात हुंगला, तिला ग्रीसचा वास आवडतो, मशीनच्या तेलासारखा. "पण दुसऱ्यांदा नको रे. पंप तुला कळतात, हे मला कळतं." त्याने मान हलवली की नुसती खाली घातली ते मला कळलं नाही. पण त्याची संमती लागत नव्हती. रुग्ण शुद्धीवर असला की त्याच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही, हा पहिला नियम.

अडचण एकच होती आणि ती माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आली नसती. आत्तापासून खाट पाचव्यावर पोचून तिथे सही होईपर्यंत फॉर्म नसणार. साधारणपणे त्यात अर्धा दिवस जातो, डॉक्टर राउंडला, साक्षीदार सापडत नाही, कोणाचं पेन चालत नाही. एकतीस वर्षांत मी फॉर्मसाठी टेबल सोडलं नव्हतं, फॉर्म माझ्याकडे येतात. त्या दिवशी मी सगळ्यांच्या दारात गेले. पाचव्याचा तरुण डॉक्टर, तोच छाती दाबणारा, त्याला म्हटलं, अकरा वाजता बावीस नंबरपाशी उभा राहा. दुसरे मोठे डॉक्टर, त्यांनाही. साक्षीदार म्हणून वाचनालयाची पुस्तकांची गाडी फिरवणारे आजोबा, ते कोणाचेच कोणी नाहीत. सगळे गुमान उभे राहिले. लालपेन हात जोडतेय म्हटल्यावर घाबरले असावेत.

लिफ्टमध्ये खाट, वॉर्डबॉय, भाचा आणि मी. दार बंद झालं. मी छतातल्या भोंग्याकडे बघत होते. या क्षणी हिचं काही झालं तर पुन्हा तेच सगळं, आणि यादीत दाखवायलाही काही नाही. ताईने माझी ओढणी ओढली. "एवढी काय वर बघतेस? पाच मजल्यांत मी काही मरत नाही. मापं द्यायचीयत अजून." वॉर्डबॉय हसला. मलाही हसू आलं, आणि ती बोलायला लागली आहे हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

खिडकीपाशी तरुण डॉक्टर भराभर वाचायला लागला, त्याला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. ताई म्हणाली, "हळू. नव्याने विचार. मागचं वहीत आहे." तो थांबला. खुर्ची ओढून बसला. विचारलं, तुमचं हृदय पुन्हा थांबलं तर आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं? ती म्हणाली, "काही करू नका. हात धरायला माणूस असला तर बरं. आणि बटणं लावलेली राहू देत." त्याने तेही लिहिलं. लिहिताना त्याचं नाक लाल झालं होतं. अकरा वाजून नऊ मिनिटांनी सही. ताईची सही तिरकी गेली, पण तिची होती.

अर्ध्या तासाने खालून चष्मेवाल्याचा फोन. "बाई, ते तुमच्या... म्हणजे ताईंचा फॉर्म. सगळं ठीक आहे. फक्त साक्षीदाराची वेळ राहिलीय. जाऊ दे, मी घालतो अकरा नऊ."

मी सहीच्या वेळीच पाहिलं होतं. पाहून गप्प बसले होते, का ते मला माहीत नाही. कदाचित कोणीतरी मला पकडावं असं वाटत होतं. "जाऊ दे काय?" मी ओरडले. "लाल गोल कर आणि पाठव वर." पुस्तकवाले आजोबा दुसऱ्या मजल्यावर सापडले. त्यांनी चष्मा शोधून, घड्याळ बघून वेळ घातली. मग मी जिन्यात बसून पाच मिनिटं दम खाल्ला.

त्यानंतर नऊ दिवस. भाचा रजा वाढवून राहिला. ताई खिडकीतून जाणाऱ्या लोकांच्या कपड्यांना नावं ठेवायची, "त्या निळ्या कोटाचा खांदा बघ, शिंप्याला तुरुंगात टाका." ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली का? जवळजवळ. एकदा म्हणाली, "खिडकी छान आहे हं." मी म्हटलं, "ताई, माफ केलंस का?" ती म्हणाली, "बरगड्या विचारून सांगते." एवढ्यावरच ठेवलं तिने. मीही पुन्हा विचारलं नाही.

दहाव्या दिवशी मी आधी खाली गेले, साडेआठला यादी बघितली, दोन फोन केले, मग वर आले. दहाच्या सुमाराला ताईचा श्वास लांबत गेला. दोन श्वासांमध्ये मी खिडकीबाहेर एक बाई अख्खा रस्ता ओलांडताना पाहिली. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी पायाशी लावलेली फाइल उघडली, लाल किनार पाहिली, तारीख पाहिली, वेळ पाहिली, वॉर्ड पाहिला. एकेक रकान्यावर बोट ठेवून पाहिलं. मग फाइल मिटून ताईच्या गळ्याचं वरचं बटण लावलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. एक हात भाच्याने धरला होता, एक मी. त्याचा अंगठा तिच्या मनगटावर फिरत होता, ठोके शोधत होता. तो एकदम घाबरून म्हणाला, "मावशी, थांबलं. कोणाला बोलवायचं?"

तेवढ्यात दारावरचा भोंगा खरखरला. माझं सगळं अंग ताठ झालं. बाई बोलली, "पांढऱ्या गाडीच्या मालकांनी कृपया दोन नंबरच्या फाटकासमोरून आपली गाडी काढावी." आणि बंद झाला.

"कोणाला नाही रे," मी म्हटलं. "बस इथेच."